लाकडी होडीवरची कच्ची राळ



'वाळणे' हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. धुतलेले धोतर वाळते, गच्चीवर घातलेल्या कुरडया वाळतात, भिंतीला दिलेला चुना वाळतो आणि दाराला लावलेला जवसाच्या तेलाचा रंगही वाळतो, असे आपण एकाच दमात म्हणतो. वस्तुतः ह्या चार क्रिया एक नव्हेत. धोतरातले व कुरडईतले पाणी हवेत उडून जाते. चुना हवेतील कर्बवायू घेऊन दगडासारखा होतो. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होते. म्हणजे पहिल्या दोहोंतून काहीतरी बाहेर जाते आणि पुढील दोहोंत काहीतरी बाहेरून येते. आज ज्या पदार्थाविषयी बोलावयाचे आहे, त्या इपॉक्सी राळेच्या बाबतीत ह्यांपैकी काहीच घडत नाही. तिला पक्के होण्यासाठी जे लागते, ते सारे आपण तिच्या भांड्यात घातलेले असते; आणि घातलेले नसले, तर वर्षभर उन्हात ठेवूनही ती पक्की होत नाही. घरी बांधलेल्या होडीवरील राळ कच्ची राहिली तर काय करावे, ह्या प्रश्नाचे निम्मे उत्तर एवढ्या एका गोष्टीत आहे.

हा पदार्थ आपल्याला अगदीच अपरिचित नाही. पुष्कळ घरांत फुटलेल्या कपाचा कान चिकटवण्यासाठी अ‍ॅरल्डाइटच्या दोन नळ्या असतात. त्यांतील एकीत राळ व दुसरीत तिला पक्की करणारे द्रव्य, म्हणजे कारागिरांच्या भाषेत हार्डनर, असते. स्वित्झर्लंडमधील रसायनशास्त्रज्ञ पिएर कास्तान ह्यांनी दातांच्या कवळ्यांसाठी योग्य पदार्थ शोधताना १९३० नंतरच्या दशकात ह्या राळेवर काम केले. पुढे अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली ह्यांनीही त्याच दिशेने संशोधन केले. १९४६ साली सीबा कंपनीने अ‍ॅरल्डाइट लोकांपुढे आणले. कवळीसाठी सुरू झालेला हा शोध विमाने, विजेची यंत्रे आणि शेवटी होड्या ह्यांच्यापर्यंत येऊन पोचला.

घरच्या अंगणात होडी बांधण्याचा छंद इंग्लंड-अमेरिकेत जुना आहे. परंतु त्याला सर्वसामान्य माणसाच्या आवाक्यात आणले ते एका सोप्या युक्तीने. १९६३ साली इंग्लंडमध्ये 'मिरर' नावाची सुमारे अकरा फुटांची शिडाची होडी निघाली. बॅरी बकनेल आणि जॅक होल्ट ह्या दोघांनी तिची आखणी केली होती. प्लायवूडचे तक्ते नमुन्याप्रमाणे कापावयाचे, त्यांच्या कडांना भोके पाडून तांब्याच्या तारेने ते एकमेकांना चक्क शिवावयाचे, आणि मग सांध्यावर राळेत भिजवलेली फायबरग्लासची पट्टी बसवावयाची, एवढीच ती युक्ती. शिंप्याचे काम सुताराने करावे तसा हा प्रकार. ह्या नमुन्याच्या सत्तर हजारांच्या आसपास होड्या पुढे बांधल्या गेल्या. मिररसाठी प्रथम वापरली गेली ती पॉलिएस्टर राळ. परंतु लाकडाला अधिक घट्ट धरून ठेवणारी म्हणून पुढे इपॉक्सी राळ पुढे सरसावली. अमेरिकेत मिशिगन राज्यातील बे सिटी येथील गूजन बंधूंनी १९७० च्या सुमारास संपूर्ण होडी इपॉक्सीने जोडण्याची व तिचे लाकूड सर्व बाजूंनी इपॉक्सीने बंद करण्याची पद्धत रूढ केली आणि घरोघरचे हौशी बांधणारे तिच्याकडे वळले.

आपल्याकडेही ही विद्या आता परकी राहिलेली नाही. गोव्यात बांधलेली 'म्हादेई' ही नौदलाची शिडाची नौका लाकडाच्या गाभ्यावर काचतंतू व राळ ह्यांचे कवच चढवून केलेली आहे. तिच्यातून कमांडर दिलीप दोंदे ह्यांनी २००९-१० साली एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. कोकणच्या किनाऱ्यावर लाकडी होड्यांना फायबरग्लासचे आवरण देणारे कारागीरही आज आहेत. तेव्हा राळ कच्ची राहण्याचे दुखणे इकडच्या माणसालाही उद्या गाठू शकते.

आता ही राळ पक्की होते म्हणजे काय होते, ते पाहू. पॉलिएस्टर राळेत शेकडा एक-दोन इतकेच आरंभक द्रव्य घालावे लागते. ते विरजणासारखे काम करते. दुधात विरजण थोडे अधिक पडले तर दही लवकर लागते, कमी पडले तर उशिरा लागते, पण लागते. इपॉक्सीचा हिशेब अगदी निराळा आहे. तेथे हार्डनर हे विरजण नसून ते दह्याचाच अर्धा भाग आहे म्हणा ना! राळेच्या प्रत्येक कणाच्या टोकांना रासायनिक गुंड्या असतात आणि हार्डनरच्या कणाला काजी असतात. एकेक गुंडी एकेका काजात बसते. हार्डनरच्या एका कणाला अनेक काजी असल्यामुळे एक कण दोन-चार बाजूंना बांधला जातो, आणि असे बांधत बांधत कोळ्याच्या जाळ्यासारखे, पण लांबी-रुंदी-उंची अशा तिन्ही अंगांनी पसरलेले, एक अखंड जाळे तयार होते. हे जाळे पुरे झाले की राळ पक्की झाली.

ह्यावरून प्रमाणाचे महत्त्व सहज ध्यानात येईल. सदऱ्याला पाच काजी आणि दोनच गुंड्या असतील तर सदरा उघडा राहील. आणि पाच काजांना दहा गुंड्या दिल्या तरी उरलेल्या पाच लोंबतच राहतील. हार्डनर कमी पडले तर राळ मोकळी राहते. जास्त पडले तर हार्डनर मोकळे राहते. 'लवकर घट्ट व्हावे म्हणून हार्डनर थोडे जास्त घातले' असे म्हणणारा मनुष्य पॉलिएस्टरचा अनुभव इपॉक्सीला लावत असतो, आणि त्याच्या हाती चिकट थर येतो. काम लवकर व्हावयास हवे असेल तर जलद जातीचे हार्डनर निराळे मिळते, ते घ्यावे. प्रमाणाला हात लावू नये.

हे प्रमाण प्रत्येक कंपनीच्या मालाचे वेगळे असते. कोठे पाच भाग राळेस एक भाग हार्डनर, कोठे तीनास एक, कोठे दोनास एक, तर कोठे समसमान. शिवाय प्रमाण मापाने सांगितले आहे की वजनाने, हाही प्रश्न असतो. नेहमीच्या अ‍ॅरल्डाइटच्या दोन नळ्यांतून आपण सारख्या लांबीच्या रेघा काढतो, म्हणजे मापाने प्रमाण समसमान. परंतु वजनाने पाहिले तर तेच प्रमाण शंभरास ऐंशी असे भरते. मापाचे प्रमाण तराजूवर तोलणाऱ्याचा घोटाळा होतो तो असा. दुसरा घोटाळा पंपांचा. काही कंपन्या डब्यांवर बसवावयाचे दोन छोटे पंप देतात आणि ते असे बेतलेले असतात की, दोहोंचा एकेक दाब दिला की पाचास एक हे प्रमाण आपोआप साधावे. डब्यावर 'पाचास एक' वाचून जो राळेचे पाच दाब व हार्डनरचा एक दाब देतो, त्याचे मिश्रण पंचविसास एक होते. असे मिश्रण होडीवर लावले तर ते पुढच्या संक्रांतीपर्यंत काकवीसारखेच राहील.

राळ चिकट राहिली की मनुष्य घाबरतो, आणि घाबरलेला मनुष्य पहिल्या सापडेल त्या उपायाला हात घालतो. वैद्याप्रमाणे येथेही आधी निदान पाहिजे. चिकटपणाची कारणे मुख्यतः चार आहेत, आणि चारांचे उपाय चार दिशांचे आहेत.

पहिले कारण वरवरचे असते. हवा दमट असली की हार्डनरमधील अमाइन नावाची द्रव्ये हवेतील कर्बवायू व बाष्प ह्यांच्याशी संयोग पावतात आणि पृष्ठभागावर मेणचट तवंग येतो. खालची राळ उत्तम पक्की झालेली असते. चिकट असतो तो केवळ तवंग. हा पाण्यात विरघळतो. म्हणून पहिली परीक्षा सर्वांत स्वस्त आहे. भांडी घासण्याची खरखरीत घासणी व स्वच्छ पाणी घेऊन तो भाग धुवावा आणि कोरड्या फडक्याने पुसावा. चिकटपणा गेला, तर आजार नव्हताच असे समजावे. मात्र धुण्याआधी पॉलिशपेपर मारू नये. कारण त्याने ते मेण ओरखड्यांत दाबले जाते आणि पुढचा थर नीट धरत नाही. कोकणात पावसाळ्यात काम करणाराने तर प्रत्येक थरानंतर धुण्याचा परिपाठच ठेवावा.

दुसरे कारण थंडी. रासायनिक क्रियेचा वेग दर दहा अंश सेल्सिअसला साधारणपणे निम्मा किंवा दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम आहे. पंचवीस अंशांवर जी राळ रात्रीतून घट्ट होते, तिला पंधरा अंशांवर दोन रात्री लागतील आणि पाच अंशांवर ती जवळजवळ झोपीच जाईल. इंग्लंडमधल्या छपरीत जानेवारीत हे नित्य घडते. आपल्याकडे देशावरच्या थंडीतही पहाटे घडू शकते. येथे प्रमाण बरोबर असते, गुंड्या व काजी पुरेशी असतात, फक्त त्यांची गाठ पडावयाची राहिलेली असते. उपाय ऊब आणि धीर. होडीवर ताडपत्रीचा मांडव घालावा आणि आतील हवा तीस अंशांच्या वर जाईल असे करून दोनतीन दिवस तशीच ठेवावी. ह्यासाठी उघड्या ज्योतीची शेगडी वापरू नये, कारण ज्योतीपासून पुन्हा कर्बवायू व बाष्पच निघते. आगीचा धोका आहे तो वेगळाच. रोज त्याच जागी नख लावून पाहावे. कालच्यापेक्षा आज खूण कमी उमटली, तर रोगी सुधारत आहे असे समजून वाट पाहावी.

तिसरे कारण अपुरे ढवळणे. ह्याची खूण अशी की, होडीचा बराच भाग टणक आणि मध्येच तळहाताएवढा पट्टा ओला असतो. भांड्याच्या कडेला व बुडाला चिकटलेली राळ हार्डनरला भेटलेलीच नसते, आणि शेवटी काटकसरीने भांडे खरवडून लावलेला घास नेमका तोच असतो. चौथे कारण म्हणजे प्रमाणच चुकलेले असणे. त्याची खूण अशी की, एका मिश्रणाने झालेला भाग सबंधच्या सबंध चिकट किंवा रबरासारखा राहतो आणि उबेनेही त्याच्यात फरक पडत नाही. शेवटच्या दोन्ही प्रकारांत थांबून काहीच मिळावयाचे नाही. जोडीदार जवळ नाही, तो उन्हाने उत्पन्न होणार नाही.

येथे मोह सुटतो तो झाकण्याचा. चिकट थरावर हार्डनर जास्त घातलेला एक 'कडक' हात द्यावा, म्हणजे वरचे जास्तीचे हार्डनर खाली झिरपून खालच्या उपाशी राळेला पोचेल, ही कल्पना ऐकावयास मोठी तर्कशुद्ध वाटते. परंतु अर्धवट बांधलेल्या दाट थरात ते कण खोलवर जातच नाहीत. परिणामी वरचा थरही बिघडतो. दुसरा मोह असा की, बरोबर प्रमाणाचा थर वरून द्यावा. तो थर पक्का होईल, नख लागणार नाही, रंगही चांगला बसेल. पण खाली चिखल आणि वर फरशी अशी ती स्थिती असते. होडी उन्हात तापली की खालचा थर मऊ पडतो. पाण्यात लाटेने वाकली की वरचे कवच सुटते. आणि सुटलेल्या जागी शिरलेले पाणी लाकडाला आतून कुजवू लागते. घराच्या भिंतीचा पोपडा पडला तर घर बुडत नाही. होडीचे तसे नाही. शिवलेल्या होडीत तर तारा काढून टाकल्यावर तक्त्यांना एकत्र धरणारी वस्तू म्हणजे सांध्यातली राळ आणि तिच्यावरची काचेची पट्टी, एवढीच. तिच्यात बसणारी माणसे त्या सांध्याच्या भरवशावर किनारा सोडतात. म्हणून आमचे सांगणे असे की, जे पक्के होणार नाही ते काढलेच पाहिजे. झाकणे म्हणजे दुरुस्ती नव्हे.

काढण्याचे काम किळसवाणे आहे, पण अवघड नाही. फायबरग्लासचे कापड कच्च्या राळेत पडलेले असेल तर ती आपत्तीतली सोयच समजावी. कारण कापडाची एक कड पटाशीने उचलली की पुष्कळदा ते राळेसह सालीसारखे निघून येते. निघत नसेल तेथे गरम हवेच्या यंत्राने ऊब द्यावी. राळ पातळ होते आणि कापड सुटते. नंतर धारदार खरवडणीने, लाकडाच्या रेषेच्या दिशेने, उरलेली राळ खरवडावी. प्लायवूडचा वरचा पापुद्रा फार पातळ असतो, म्हणून खरवडणी उभी न धरता तिरपी धरावी आणि तिचे कोपरे आधीच गोल करून घ्यावेत. सांध्यातील गोलाईचा भराव कच्चा असेल तर तोही पूर्ण उकरावा लागतो. मात्र त्यापूर्वी होडीला आतून आडव्या फळ्यांचा आधार देऊन, काढलेल्या तारा जागोजाग पुन्हा ओवून घ्याव्यात. नाही तर सांधा मोकळा होताच महिन्याभराच्या मेहनतीने साधलेला आकार क्षणात हरपतो.

खरवडून झाल्यावर, आणि झाल्यावरच, फडके स्पिरिटमध्ये किंवा अ‍ॅसिटोनमध्ये भिजवून पुसावे. आधीच पुसू लागले तर पातळ झालेली राळ लाकडाच्या रंध्रांत अधिक खोल शिरते. एका वेळी वीतभर जागा घ्यावी, एकाच दिशेने पुसावे आणि फडके वरचेवर बदलावे. एकच फडके सर्वत्र फिरवणे म्हणजे घाण काढणे नसून ती वाटणे आहे. ही द्रव्ये चटकन पेट घेतात. म्हणून गरम हवेचे यंत्र आणि स्पिरिट ही दोन्ही एका वेळी बाहेर असू नयेत, दारेखिडक्या उघड्या असाव्यात आणि जवळ विडी पेटवणारा कोणी नसावा. पुसलेली जागा पूर्ण सुकू द्यावी, मग ऐंशी नंबरचा पॉलिशपेपर मारून पाहावा. कोरडी भुकटी पडली तर लाकूड स्वच्छ झाले. कागदाला गोळ्या चिकटू लागल्या तर कच्ची राळ अद्याप आहे. पुन्हा ऊब, पुन्हा खरवडणी, पुन्हा फडके. ह्या परीक्षेला फसवता येत नाही.

स्वच्छ लाकूड हाती आले तरी लगेच होडीवर हात टाकू नये. त्याच डब्यांतून थोडे मिश्रण करून ते पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लावावे आणि रात्रभर ठेवावे. ते पक्के झाले तर माल चांगला आहे आणि दोष पूर्वीच्या मापात किंवा ढवळण्यात होता, हे सिद्ध झाले. मग नवे मिश्रण मोजून, भांड्याच्या कडा व बूड खरवडत दोनतीन मिनिटे ढवळावे, आणि शक्य तर दुसऱ्या स्वच्छ भांड्यात ओतून पुन्हा ढवळावे. आपल्या उन्हाळ्यात मोठे भांडे भरून मिश्रण करू नये. ही क्रिया उष्णता बाहेर टाकणारी आहे. भांड्यात साठलेली राळ स्वतःच्याच उष्णतेने भडकते, धुरकटते आणि हातातच दगड होते. थोडे थोडे कालवावे आणि लगेच पसरट ताटलीत ओतावे. कोणत्या दिवशी, किती अंशांवर, कोणते मिश्रण होडीच्या कोणत्या भागाला लावले, ही नोंद वहीत ठेवावी. पुढे एखादा पट्टा कच्चा निघाला तर संशय सबंध होडीवर न जाता त्या एका मिश्रणावर जातो, आणि एका ओळीच्या नोंदीने आठवड्याचे काम वाचते.

शेवटची गोष्ट आरोग्याची, आणि ती शेवटी सांगितली म्हणून गौण समजू नये. पक्की राळ निरुपद्रवी असते; कच्ची राळ व हार्डनर तशी नसतात. ती वारंवार कातडीला लागली तर काही जणांना खाज, पुरळ व सूज येण्याची प्रवृत्ती जडते. एकदा ती जडली की सहसा जन्मभर सुटत नाही, आणि मग थोड्याशा स्पर्शानेही त्रास होतो. दुरुस्तीच्या कामात हाताशी येणारी सगळी राळ कच्चीच असते, म्हणून नाइट्राइलचे हातमोजे घालावेत. हाताला राळ लागली तर ती अ‍ॅसिटोनने धुऊ नये. अ‍ॅसिटोन कातडीचे संरक्षक तेल काढून घेतो आणि राळेला आत वाट करून देतो. साबण व पाणी बरे. कच्च्या राळेची भुकटी नाकात जाऊ नये म्हणून तोंडावर धूळ अडवणारा मुखवटा बांधावा. काढलेली घाण गटारात किंवा खाडीत टाकू नये. ज्या पाण्यावर होडी चालवावयाची त्याच पाण्याला ते वीष कशाला द्यावयाचे?

तात्पर्य, चिकट थर दिसताच चार प्रश्न ओळीने विचारावेत. पाण्याने जातो का? उबेने घट्ट होतो का? ठिकठिकाणी आहे का? की सबंध मिश्रणच तसे आहे? पहिल्या दोहोंना पाणी व धीर पुरेत. पुढच्या दोहोंना खरवडणी हवी. धीर धरावयाचा तेथे खरवडणारा मनुष्य चांगले काम वाया घालवतो, आणि खरवडावयाचे तेथे धीर धरणारा आपला काळ वाया घालवतो. परंतु ह्या दोघांचेही नुकसान भरून येण्यासारखे आहे. तिसरा, जो वरून गुळगुळीत थर देऊन मोकळा होतो, त्याचे नुकसान त्याला आज दिसत नाही. ते त्याला किनाऱ्यापासून दूर, पाण्यात दिसते. आठवडाभर खरवडण्याचा कंटाळा आणि पाण्यातला तो एक क्षण, ह्यांचा तराजू ज्याने त्याने आपल्या मनाशी लावून पाहावा, एवढे सांगून आम्ही हे विवेचन पुरे करतो.